उभ्या गाडीची बॅटरी पुन्हा पुन्हा का उतरते आणि ती चार्ज कशी ठेवावी

मुलुंडमध्ये राहून फोर्टला लोकलने नोकरीवर जाणाऱ्या माणसाची गाडी आठवड्यातले सहा दिवस, आणि पुष्कळदा सलग दोन-तीन आठवडे, इमारतीखालच्या स्टिल्ट पार्किंगमध्ये उभीच असते. आमची गाडी तशीच आहे. ती लागते ती चिपळूणला जाण्यासाठी, लग्नसराईत, किंवा रात्री-अपरात्री कोणाला दवाखान्यात न्यायचे असेल तेव्हा. ती क्वचित लागते, पण जेव्हा लागते तेव्हा ती चालू होणे आवश्यकच असते, आणि नेमक्या त्याच वेळी सेल्फ मारल्यावर नुसता टक-टक आवाज येऊन डॅशबोर्डवरचे दिवे मंद होत, असा अनुभव आम्ही जवळजवळ तीन वर्षे घेतला. त्या काळात मी दोन नव्या बॅटऱ्या घेतल्या. त्यांपैकी दुसरी घेण्याची काहीच गरज नव्हती, हे नंतर कळले. ज्यांची गाडी अशीच उभी राहते त्यांनी खर्च करण्यापूर्वी काय तपासावे आणि त्यानंतर काय करावे, हे सविस्तर लिहीत आहे.

बिघाडाचे स्वरूप असे होते. गावाहून परत आल्यानंतरच्या पहिल्या रविवारी गाडी थोडे कुरकुरत का होईना, पण चालू होत असे. मी ती दहा मिनिटे जागच्या जागी चालू ठेवून बंद करीत असे आणि बॅटरी चार्ज झाली असे समजत असे. दुसऱ्या रविवारी मात्र ती मुळीच चालू होत नसे. गॅरेजवाल्यांचे उत्तर दर वेळी एकच असे, "साहेब, बॅटरी गेली आहे, नवी टाका." नवी टाकल्यावर महिनाभर बरे चालले, कारण त्या महिन्यात आम्ही दोनदा कोकणात जाऊन आलो होतो. त्यानंतर पुन्हा तेच सुरू झाले. शेवटी आमच्या इमारतीतले, रेल्वेच्या विद्युत विभागातून निवृत्त झालेले काका खाली भेटले तेव्हा त्यांनी विचारले, "गाडी बंद असताना बॅटरीतून किती करंट जातोय, ते कधी मोजलंत का?" तो मी कधीच मोजला नव्हता, आणि कोणत्याही गॅरेजमध्ये तो मोजलेला मी पाहिला नव्हता.

आधी हिशेब

गाडी कुलूप लावून उभी केली तरी तिच्यातील वीज पूर्णपणे बंद होत नाही. घड्याळ, सेंट्रल लॉकचा रिसीव्हर, चोरीविरोधी यंत्रणा आणि इंजिनाच्या संगणकाची स्मृती यांना सतत थोडा प्रवाह लागतो. सुस्थितीतल्या गाडीत तो साधारणपणे २० ते ५० मिलिअँपिअर असतो. हा आकडा क्षुल्लक वाटतो, पण ५० मिलिअँपिअर चोवीस तास वाहिले म्हणजे दिवसाला १.२ अँपिअर-तास होतात (एक अँपिअर प्रवाह तासभर वाहिला की एक अँपिअर-तास). लहान पेट्रोल गाड्यांमध्ये ३५ अँपिअर-तासांच्या आसपासची बॅटरी असते. तिचा अर्धा साठा या हिशेबाने पंधरा दिवसांत संपतो, आणि अर्ध्याखाली गेलेल्या बॅटरीकडून स्टार्टर फिरवण्याची खात्रीने अपेक्षा करता येत नाही. म्हणजे गाडीत कोणताही दोष नसतानाही दोन-तीन आठवड्यांनी अडचण येऊ शकते. आठ-दहा दिवसांतच बॅटरी उतरत असेल, तर मात्र कुठेतरी जास्तीचा प्रवाह जात आहे किंवा बॅटरी खरोखर खराब झाली आहे.

यात बॅटरीच्या आपोआप होणाऱ्या ऱ्हासाची भर पडते. काहीही जोडलेले नसतानासुद्धा शिसे-आम्लाची बॅटरी हळूहळू उतरते, आणि तापमान दर १० अंश सेल्सिअसने वाढले की हा वेग ढोबळमानाने दुप्पट होतो. परदेशी लेखनात बॅटरीचा प्रश्न नेहमी हिवाळ्याशी जोडलेला असतो. मुंबईत थंडीमुळे गाडी चालू न होण्याचा प्रश्नच नसतो. येथे बॅटरीचे आयुष्य खाते ती उष्णता, आणि ती बाराही महिने असते.

आता त्या दहा मिनिटांविषयी, कारण या एका समजुतीने माझे सर्वांत जास्त नुकसान केले. स्टार्टर दीड-दोनशे अँपिअर ओढत असला तरी तो दोन-तीन सेकंदांसाठीच, म्हणजे एका वेळी साधारण ०.१ अँपिअर-तास खर्च होतो, आणि तेवढा काही मिनिटांत भरून निघतो. पण आठवडाभर उभे राहून गेलेला साठा दहा मिनिटांत भरत नाही. इंजिन जागच्या जागी मंद गतीने चालू असताना अल्टरनेटर, म्हणजे इंजिनावर फिरून बॅटरी चार्ज करणारे जनित्र, आपल्या पूर्ण क्षमतेपेक्षा बरीच कमी वीज देतो. तिच्यातली काही इंधनपंप, इंजेक्टर आणि रेडिएटरचा पंखा घेतात, आणि एसी लावला तर उरते त्याहूनही कमी. शिवाय ही बॅटरी वीज स्वीकारते तीही स्वतःच्या वेगाने, आणि शेवटचा वीसेक टक्के भाग भरण्यास तिला कित्येक तास लागतात. माझ्या अंदाजाने त्या दहा मिनिटांत दोन-तीन अँपिअर-तास परत येत असतील. आठवड्यात जात होते बावीस. हा बावीसचा आकडा कुठून आला, ते पुढे येईलच. तळघरातल्या पार्किंगमध्ये तर गाडी अशी उभ्यानेच चालू ठेवू नये, कारण धुरातला कार्बन मोनॉक्साइड वास नसलेला आणि प्राणघातक असतो.

काय मोजावे, कसे मोजावे

साधा डिजिटल मल्टिमीटर लॅमिंग्टन रोडवर काहीशे रुपयांत मिळतो. त्यावर २० व्होल्ट डीसी ही श्रेणी निवडावी आणि गाडी किमान पाच-सहा तास उभी राहिल्यानंतर, शक्यतो सकाळी, बॅटरीच्या दोन टर्मिनलांवर टोके टेकवावीत. नुकतीच चालवून आणलेल्या गाडीत व्होल्टेज फसवे असते, कारण बॅटरीतल्या पत्र्यांच्या पृष्ठभागावरचा तात्पुरता विद्युतभार आकडा वर दाखवतो. बॅटरी बारा व्होल्टची म्हटली जाते, पण तिचे सहा सेल पूर्ण भरलेले असतील तर १२.६ ते १२.७ व्होल्ट दिसतात. १२.४ म्हणजे सुमारे पाऊण भरलेली, १२.२ म्हणजे अर्धी, आणि १२.० म्हणजे जेमतेम पाव. हा अर्ध्या-पाऊण व्होल्टचा फरकच सर्व काही सांगतो. 'बारा व्होल्ट आहेत, म्हणजे ठीक आहे' हे वाक्य मी स्वतः गॅरेजमध्ये ऐकले आहे आणि ते साफ चुकीचे आहे.

त्यानंतर कोणाला तरी सेल्फ मारायला सांगून आकडा पाहावा. आधी १२.५च्या वर असलेली बॅटरी स्टार्टर फिरताना साडेनऊच्या खाली घसरत असेल, तर ती भार पेलत नाही, आणि बहुधा तिचे दिवस भरले आहेत. इंजिन चालू झाल्यावर १३.८ ते १४.५ व्होल्ट दिसले की अल्टरनेटर काम करीत आहे असे धरावे. काही नव्या गाड्यांत चार्जिंग संगणकाच्या नियंत्रणाखाली असते, त्यामुळे तो आकडा काही वेळा याहून खाली येतो. अशा गाडीत एकाच आकड्यावरून घाईने निष्कर्ष काढू नये.

आमच्या गाडीत हे तिन्ही आकडे बॅटरी चार्ज केल्यानंतर योग्य होते. म्हणजे बॅटरी चांगली, अल्टरनेटर चांगला, आणि तरीही दुसऱ्या रविवारी गाडी बंद. उरला तो काकांचा प्रश्न.

बंद गाडीतून जाणारा प्रवाह मोजण्याची रीत नीट समजून घ्यावी, कारण यात चूक झाली तर मीटरचा फ्यूज उडतो. प्रथम चावी काढून, सर्व दिवे बंद करून बोनेट उघडावे. दहाच्या पान्याने बॅटरीचे ऋण, म्हणजे काळे टर्मिनल सैल करावे. मीटरची लाल वायर १० अँपिअरच्या खाचेत घालून श्रेणी बदलावी, मग एक टोक बॅटरीच्या ऋण ध्रुवाला आणि दुसरे सोडवलेल्या काळ्या केबलला लावावे, जेणेकरून गाडीचा सगळा प्रवाह मीटरमधूनच जाईल. या स्थितीत सेल्फ मारू नये आणि हेडलाइटही लावू नयेत. जोडणी केल्याबरोबर दोन-तीन अँपिअर दिसले तर घाबरण्याचे कारण नाही. गाडीतले संगणक जागे झालेले असतात आणि त्यांना पुन्हा निद्रिस्त होण्यास वीस मिनिटांपासून तासभरही लागू शकतो. तेवढा वेळ दार उघडू नये. दार उघडले की सगळे पुन्हा जागे होते आणि तास फुकट जातो. माझा पहिला प्रयत्न असाच वाया गेला.

दुसऱ्या प्रयत्नात मी आधी चालकाकडच्या दाराची कडी स्क्रू ड्रायव्हरने दाबून बंद स्थितीत आणली, म्हणजे दार उघडे असूनही गाडीला ते बंदच वाटावे आणि आतल्या फ्यूज बॉक्सपर्यंत हात पोहोचावा. पाऊण तासाने आकडा ०.१३वर स्थिर झाला. १३० मिलिअँपिअर म्हणजे दिवसाला ३.१, आणि आठवड्याला जवळजवळ बावीस अँपिअर-तास. पस्तीसच्या बॅटरीतून पहिल्या आठवड्यात बावीस गेले, रविवारी त्यातले दोन-तीन परत आले, आणि पुढच्या आठवड्यासाठी शिल्लकच उरली नाही. पहिल्या रविवारी गाडी चालू होते आणि दुसऱ्या रविवारी होत नाही, हे तीन वर्षांचे कोडे त्या एका आकड्याने सुटले.

मग एकेक फ्यूज काढून परत लावत गेलो. ऑडिओचा फ्यूज काढताच आकडा ०.१३वरून ०.०२५वर आला. गाडीत नंतर बसवून घेतलेल्या म्युझिक सिस्टिमला वीज आणणाऱ्या दोन वायरी असतात. पिवळी वायर स्मृतीसाठी कायम चालू असलेल्या लाइनला जोडायची असते, तर लाल वायर चावी फिरवल्यावरच वीज येईल अशा लाइनला. आमच्याकडे बसवणाऱ्याने दोन्ही वायरी एकत्र पिळून कायमच्या लाइनला जोडल्या होत्या. त्यामुळे चावीशिवाय गाणी वाजत, आणि ही सोय आहे असे आम्हाला वाटत होते. प्रत्यक्षात ती यंत्रणा कधीच पूर्ण बंद होत नव्हती. लाल वायर योग्य जागी जोडून घेतल्यावर त्या जागेचा प्रश्न संपला.

प्रत्येकाच्या गाडीत दोषी हाच निघेल असे नाही. थेट बॅटरीवरून वीज घेणारा डॅशकॅम, जीपीएस ट्रॅकर, डिकीतला न विझणारा दिवा, अडकून राहिलेला रिले (विजेने चालणारा स्विच), सदोष अल्टरनेटर, अशी कारणे नेहमी आढळतात. चावी न फिरवता बटणाने चालू होणारी गाडी असेल आणि तिची चावी पार्किंगच्या अगदी वरच्या घरात दाराशी टांगलेली असेल, तर काही गाड्या चावीची चाहूल लागून वारंवार जाग्या होतात, म्हणून चावी दूर ठेवावी. फास्टॅगवर मात्र संशय घेऊ नये. त्याला गाडीची वीज लागतच नाही. मुंबईत आणखी दोन गोष्टी पाहाव्यात. उंदरांनी कुरतडलेल्या वायरी ही एक, आणि दुसरी म्हणजे खाऱ्या दमट हवेमुळे टर्मिनलांवर साचणारी पांढरी-हिरवी पूड. ती खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने धुऊन, कोरडी करून वर पेट्रोलियम जेली लावावी. बॅटरीच्या झाकणावरचा ओलसर मळही पुसून टाकावा, कारण त्यातूनही किंचित प्रवाह वाहतो.

जास्तीचा प्रवाह थांबवल्यानंतर

२५ मिलिअँपिअर म्हणजे दिवसाला ०.६ अँपिअर-तास. आता गाडी तीन आठवडे निर्धास्त उभी राहू शकते. पण त्याहून जास्त उभी राहणार असेल, तर काही तजवीज करावीच लागते, कारण उतरलेल्या अवस्थेत राहणे हाच या बॅटरीचा सर्वांत मोठा शत्रू आहे. पत्र्यांवर जमा झालेले लेड सल्फेट कालांतराने कठीण स्फटिकांच्या रूपात घट्ट होते आणि मग चार्जिंग करूनही पूर्णपणे विरघळत नाही. तीन आठवडे मृतावस्थेत पडून राहिलेली बॅटरी चार्जरला लावल्यावर तासाभरातच 'पूर्ण' दाखवू लागली, तर आनंद मानू नये. साठवण्याची जागाच कमी झाल्याची ती खूण असते. माझी पहिली बॅटरी अशीच गेली.

सर्वांत स्वस्त उपाय म्हणजे ऋण टर्मिनल सोडवून ठेवणे. सोडवताना काळे आधी आणि दोन्ही काढले असल्यास जोडताना काळे शेवटी, हा क्रम पाळावा, म्हणजे पाना चुकून गाडीच्या पत्र्याला लागला तरी ठिणगी पडत नाही. मग उरतो तो केवळ बॅटरीचा स्वतःचा ऱ्हास, आणि धडधाकट बॅटरी दीड-दोन महिने सहज तग धरते. याची किंमत म्हणजे घड्याळ आणि रेडिओची स्थानके पुन्हा लावावी लागतात, काही गाड्यांत काचा एका दाबात वर जाण्याची सोय पुन्हा शिकवावी लागते, आणि चोरीचा अलार्म बंद राहतो. दार चावीने हाताने लावावे. डिकी केवळ विजेवर उघडणारी असेल, तर तिच्यातील सामान आधी काढून घ्यावे.

माझ्या मते शहरातल्या उभ्या गाडीसाठी खरा उपाय म्हणजे टप्प्याटप्प्याने चार्ज करणारा स्वयंचलित चार्जर. तो आधी भरघोस प्रवाह देतो, मग व्होल्टेज स्थिर ठेवून प्रवाह कमी करतो, आणि बॅटरी भरली की १३.५ व्होल्टच्या आसपास राखण करीत राहतो. ३५ अँपिअर-तासांच्या बॅटरीला साडेतीन-चार अँपिअरचा चार्जर पुरेसा आहे. घरातल्या इन्व्हर्टरवर गाडीची बॅटरी लावण्याचा सल्ला काहीजण देतात, तो मानू नये. तो चार्जर दीडशे अँपिअर-तासांच्या बॅटरीसाठी बनवलेला असतो आणि लहान बॅटरीला त्याचा प्रवाह जास्त होतो.

अडचण असते ती प्लगची. स्टिल्टमध्ये प्लग असतो तो पंपाच्या खोलीत, आणि तो सोसायटीच्या कॉमन मीटरवर चालतो. परस्पर वायर ओढण्याऐवजी मी कमिटीला पत्र दिले आणि त्यात वापराचा हिशेब मांडला. अर्धी उतरलेली बॅटरी भरण्यास तोटा धरूनही अर्ध्या युनिटहून कमी वीज लागते, आणि राखणीवर चार्जर महिनाभर लावून ठेवला तरी दोन-तीन युनिटांच्या वर जात नाही. हे आकडे पाहिल्यावर सचिवांची हरकत उरली नाही. माझ्या घरच्या मीटरवरून पार्किंगपर्यंत स्वतंत्र वायर आणि झाकणाचा प्लग बसवण्याची परवानगी मिळाली, तीही गळती होताच वीज तोडणारा ३० मिलिअँपिअरचा स्विच बसवण्याच्या अटीवर. ही अट योग्यच आहे. जुलैमध्ये आमच्या पार्किंगमध्ये घोट्याइतके पाणी येते, त्यामुळे प्लग छातीच्या उंचीवर आहे आणि एक्स्टेंशन बोर्ड जमिनीवर ठेवायचा नाही, हे घरात सर्वांना माहीत आहे. ज्यांना प्लग मिळतच नाही, त्यांनी बॅटरी काढून घरी आणावी आणि खिडकीजवळ, मोकळ्या हवेत, सरळ उभी ठेवून चार्ज करावी. चार्जिंगच्या वेळी हायड्रोजन निघतो, त्यामुळे देवघर किंवा गॅसच्या शेगडीजवळ ती मुळीच ठेवू नये.

सौर पॅनेलचा विचार मीही केला होता. उघड्यावर उभ्या गाडीला दहा वॉटचे पॅनेल ऊन असताना चांगले उपयोगी पडते, पण स्टिल्टमध्ये ते निरुपयोगी आहे आणि पावसाळ्यात उघड्यावरही भरवशाचे नाही. शिवाय अनेक गाड्यांचा सिगारेट लायटरचा सॉकेट चावी काढल्यावर बंद होतो, म्हणजे तेथे जोडलेल्या पॅनेलची वीज बॅटरीपर्यंत पोहोचतच नाही.

ज्यांना यातले काहीच करायचे नाही, त्यांनी आठवड्यातून एकदा गाडी खरोखर चालवावी, आणि तीही पाऊण-एक तास. मी रविवारी पहाटे ईस्टर्न एक्सप्रेस हायवेने सायनपर्यंत जाऊन परत येतो. २०२४च्या ऑक्टोबरपासून मुंबईच्या पाचही प्रवेशनाक्यांवर हलक्या वाहनांना टोल माफ असल्याने ठाण्याच्या बाजूलाही जाता येते. मात्र पूर्ण उतरलेली बॅटरी अशा एका फेरीने भरत नाही. दुसऱ्या गाडीच्या मदतीने चालू करण्याची वेळ आली, तर लाल केबल एका बॅटरीच्या धन ध्रुवापासून दुसरीच्या धन ध्रुवाला जोडावी, काळ्या केबलचे एक टोक चांगल्या बॅटरीच्या ऋण ध्रुवाला आणि दुसरे बंद गाडीच्या इंजिनाच्या उघड्या धातूला, बॅटरीपासून दूर लावावे, आणि त्याच रात्री चार्जर जोडावा.

बोनेटच्या आतल्या बाजूला मी आता एक कागद चिकटवला आहे आणि दर मोजणीची तारीख आणि व्होल्टेज त्यावर लिहितो. १२.४ला चार्जर लावायचा, १२.२पर्यंत कधीही जाऊ द्यायचे नाही, एवढा एकच नियम ठेवला आहे. काल सकाळी, एकोणीस दिवस गाडी जागची हलली नसताना, १२.४१ आले. आज रात्री चार्जर लावतो, कारण शनिवारी पहाटे चिपळूणला निघायचे आहे.